हिब्रूतली स्तुती आणि भरली वांगी

स्तुती करणं ही कला आहे आणि ती आमच्या घरात फक्त मला येते. म्हणूनच गिरीराजला मी ठणकावून सांगितलं होतं, "तुझी ती ओरित मॅडम रविवारी जेवायला येऊ दे. तू फक्त वाढ. बोलायचं माझ्यावर सोड. तेही तिच्या भाषेत!"

ओरित म्हणजे गिरीची बॉस. सहा महिन्यांपूर्वी इस्रायलहून बेंगळुरूला आलेली. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती: नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस घरून काम. हा माणूस रोज सकाळी सातला सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरतो आणि रात्री मुग्धा झोपल्यावर परततो. अडीच वर्षांची आमची पोर परवा त्याला बघून माझ्यामागे लपली आणि म्हणाली, "आई, काका आले."

काका! हसताय काय?

गिरीला काही वाटलं नाही. तो चामराजपेटचा, बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातला. तीन-चारशे वर्षं ही मंडळी इथं राहिली आणि एकच वाक्य शिकली, "स्वल्प ॲडजस्ट करू गं."

मी मात्र मुग्धाला वरण-भात भरवता भरवता वीस दिवस मोबाइलवर हिब्रू शिकले. वहीत धडा पाच, स्तुती. धडा सहा, भावना. सहाची गरज पडणार नाही, अशी खात्री होती.

ओरित आली. डोक्यावर कुणी विळीनं कापल्यासारखे केस. मी दारातच हसून म्हणाले, "हातिस्पोरेत शेलाख याफा!" म्हणजे, तुमचा हेअरकट सुंदर आहे.

तिनं मला खालून वर न्याहाळलं. मग इंग्रजीत म्हणाली, "नाही. भयंकर आहे. मारतहळ्ळीच्या एका सलूनमध्ये कापले. तुम्ही असं का म्हणता?"

धडा पाचमध्ये समोरची बाई लाजून 'तोदा', म्हणजे धन्यवाद, म्हणते!

मी बुटांकडे वळले. "एझे याफे!" किती छान!

"तळवा सुटलाय," तिनं पाय उचलून दाखवला. खरंच सुटला होता.

गिरीनं मला कोपर मारलं. मी पोपटासारखी पुढं चालूच. पर्स झाली, कानातलं झालं. बाई प्रत्येक वस्तूतला दोष सांगत होती, जणू मी दुरुस्तीवाली!

जेवायला बसलो. भरल्या वांग्यांचा पहिला घास घेऊन ओरित म्हणाली, "हे चांगलं झालंय."

शेवटी! आता चांगलं वळण असलेली कुठलीही बाई जे म्हणेल तेच मी म्हणाले, "छे हो, कुठलं काय! तेल जास्त झालंय, मसाला कच्चा राहिलाय, आज जमलंच नाही."

आपल्याकडे याचा अर्थ, 'आणखी एकदा म्हणा.' लहान मुलांनाही कळतं. ओरितनं दुसरा घास घेतला, शांतपणे चावला आणि म्हणाली, "हो. खरं आहे. तेल जास्त आहे." आणि वांगं ताटाच्या कडेला सारलं!

चार तास खपले होते मी त्यावर!

तेवढ्यात तिनं गिरीला विचारलं, "कामाचे तास फार होतात का? घरी त्रास होतो?"

देवानं ताटात वाढून दिलेला प्रश्न. गिरी भाताकडे बघत म्हणाला, "नो प्रॉब्लेम, मॅडम. एव्हरीथिंग इज फाइन."

माझ्या डोळ्यांपुढं धडा सहा उभा राहिला.

"अनी कोएसेत!" मी ओरडले. मी चिडलेय! "अनी आयेफा! अनी मुद्एगेत!" मी दमलेय, मला काळजी वाटतेय! मग हिब्रू संपलं, तेव्हा इंग्रजीत काकांची गोष्ट सांगितली, आणि रडू आलं तेव्हा मराठीत.

मुग्धानं घाबरून पापड खाली टाकला. गिरी पांढराफटक. नोकरी गेली, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

ओरितनं चमचा ठेवला. "सहा महिने," ती म्हणाली, "सहा महिने मी या शहरात हे ऐकायची वाट बघतेय." मग गिरीकडे वळली. "दर मीटिंगमध्ये विचारते, दर वेळी नो प्रॉब्लेम. तू मला खोटं का सांगतोस? उद्यापासून तीन दिवस घरून काम कर."

मी जिंकले! सरळ सरळ जिंकले!

गिरीचा रंग परत आला. इतका आला की तो जेवता जेवता उठलाच. "मग माझा मॉनिटर या टेबलावर. मुग्धाचा झोपाळा बाल्कनीत. आणि संयोगिता, दहा ते एक मिक्सर नको. कुकर पण नको हं, कॉलवर शिट्टी ऐकू जाते. अकराला चहा चालेल. साडेबारालाही."

मी टेबलाकडे बघितलं. कुकरकडे बघितलं. तीन दिवस. दर आठवड्याला.

ओरित दारात बूट घालत होती. "आता खरं सांगा," ती म्हणाली, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"अनी स्मेखा!" मी तोंडभर हसून म्हणाले. मला आनंद झालाय.

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. "खोटं," म्हणाली, आणि लिफ्टचं बटण दाबलं.

बाई कामात हुशार असणार. एवढं मात्र मान्य करायला हवं.