दस्तगीर पडतो तेव्हा

मंचरात गादी घ्यायला कुठेही जा, दुकानदार कापूस दाखवेल, खोळ दाखवेल, फार तर हाताने दाबून दाखवेल. दस्तगीर पडून दाखवतो. गिऱ्हाइकाने गादीवर बोट ठेवलं की तो दोन पावलं मागे सरकतो, हात फैलावतो आणि आपला नव्वद किलोचा देह त्या गादीवर पाठीवर धाडकन सोडून देतो. नवीन माणूस किंचाळतो. एकदा एका नव्या नवरीने पाणी आणायला धावाधाव केली होती. दस्तगीर मात्र पडल्या पडल्या छताकडे बघत निकाल देतो, "कमरंला बरी हाय. मानंला नाय. तुमाला नको ही, राव." मग उठतो आणि दुसऱ्या गादीवर पडतो.

फक्त तान्ह्या बाळाची गादी असेल तर पडत नाही. तिच्यावर गाल टेकवतो आणि डोळे मिटून थोडा वेळ तसाच राहतो.

"पडायला अक्कल लागती," हे त्याचं पालुपद. गल्लीतलं पोर सायकलवरून पडलं तरी हेच, शेजारच्या गावचा सरपंच निवडणुकीत पडला तरी हेच. सरपंचाला तर त्याने हे समोरासमोर, गादीचं माप घेताना सांगितलं. सरपंच गादी न घेताच गेले.

दस्तगीर पिंजारी माझा शाळेपासूनचा मित्र. मी शांताराम, अवसरीचा, मंचरच्या हायस्कुलात खेळाचा मास्तर. हे सगळं मी मैत्रीपोटी लिहितोय असं म्हणायला मला आवडलं असतं. पण दोन वर्षं झाली, मी त्याच्यावर जळतोय. जळतोय म्हणजे चांगलाच जळतोय. रात्री कूस बदलतो ती त्यानेच शिवलेल्या गादीवर, याचाही राग येतो.

आम्ही दोघं एकाच तालमीतले. एकाच वस्तादाचा मार खाल्लेले. पण दस्तगीर आयुष्यात एक कुस्ती जिंकला नाही. आमच्याकडे यात्रेत सुरुवातीला पोरासोरांच्या कुस्त्या नारळावर लावतात. तो नारळसुद्धा कायम समोरच्या पोराने फोडून खाल्ला, आणि दस्तगीर शेजारी बसून त्यातला तुकडा मागत असायचा. मी काही मोठा पैलवान होतो असं नाही. पण मी एक कुस्ती जिंकलो, आणि ती अशीतशी नव्हती.

अवसरीची यात्रा. शेवटून दुसरी कुस्ती. माझे दादा, म्हणजे वडील, पहिल्यांदाच माझी कुस्ती बघायला आले होते. तालमीपायी घरातलं दूध वाया जातंय हे त्यांचं कायमचं मत. सकाळी निघताना म्हणाले होते, "आज हरलास तर लंगोट चुलीत घालीन." समोर जोड कोण लावला? दस्तगीर. मला जरा बरंच वाटलं. हलगी कडाडली, झटापट झाली आणि मी अशी ढाक मारली की दस्तगीर चितपट. पडता पडता त्याने माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. हरलेल्या माणसाने दिलखुलासपणे दिलेली ती शाबासकी. गेली कित्येक वर्षं मी वर्गावर खिलाडूवृत्ती शिकवताना हेच उदाहरण देत आलो. दादा मैदानात आले आणि आपल्या डोक्याचा फेटा सोडून त्यांनी माझ्या डोक्याला बांधला. त्यांनी मला जवळ घेतलं ते आयुष्यात तेवढंच एकदा.

बक्षीस म्हणून मिळालेली पितळी घागर आज आमच्या टीव्हीशेजारी आहे. महिन्यातून एकदा मी ती चिंचेने घासतो. माझी बायको सुमन म्हणते, "घरात एक भांडं कामाचं व्हतं, त्याचाबी देव केला."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जुन्नर-मंचरकडच्या काही तरुणांनी टीव्हीवर दाखवतात तसली कुस्ती काढली. चार खांब, दोर, प्लायवूड, भोंगे आणि रंगीत दिवे. प्लायवूडवर अंथरायला जाड गादी हवी म्हणून ते दस्तगीरकडे गेले. गादी तयार झाली. दस्तगीरने रीतीप्रमाणे तिच्यावर पडून दाखवलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "काका, परत पडा." दस्तगीर परत पडला. मग कुशीवर, मग कोलांटी खाऊन, मग गाद्यांच्या थप्पीवरून उलटा. त्या दिवशी गादीबरोबर दस्तगीरही त्यांनी नेला.

त्यांच्या खेळात एक बिबट्या आहे. ठिपक्यांचा मुखवटा घालून उसाच्या मोळ्यांमागून उडी मारतो. जुन्नर-आंबेगावात बिबट्या हिरो होईल असं कुणाला वाटलं नसतं, कारण आमच्याकडे बिबट्या म्हटलं की आधी शेळ्या मोजतात. पण त्याच्यासमोर जो उभा राहतो तो त्याहून नकोसा. पांढरेशुभ्र कपडे, काळा गॉगल, गळ्यात जाडजूड साखळी आणि हातात मोजायचा टेप. तो रिंगणात येतो, टेपने रिंगण मोजतो, माइकवर म्हणतो, "हा प्लॉट आपला," आणि अख्खं मैदान पेटून उठतं. त्याचं नाव बिल्डर. हा आमचा दस्तगीर.

बिल्डर दर खेळाला हरतो. हरण्यासाठीच त्याला ठेवलाय. आणि लोक या हरणाऱ्यावर जीव टाकतात.

मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "आधी ठरवून खेळायचं याला कुस्ती म्हणत नाहीत. नाटक आहे हे. आपल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं. यांच्यात पाठ लागली की पंच तीन अंक मोजतो, आणि हे गडी दोनवर उठून बसतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. रविवारी सगळे मला खेळाच्या मैदानात भेटले. मी का गेलो होतो? शत्रूची माहिती असावी म्हणून.

घोडेगावच्या खेळाला एक म्हातारी सरळ रिंगणापाशी आली, पायातली चप्पल काढली आणि बिल्डरच्या पायावर हाणली. "माजा बांध दे परत, मुडद्या!" चप्पल लागली घोट्याला, पण दस्तगीर असा उडाला की तीन कोलांट्या खाऊन दोरात अडकला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. खेळ संपल्यावर तो गॉगल, साखळी आणि टेपसकट त्या म्हातारीशेजारी बसून चहा पीत होता आणि ती त्याला आपल्या बांधाची सगळी हकीकत सांगत होती. तासभर त्याने ऐकली. मी स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत उभा, आणि मला कुणी ओळखही दिली नाही.

सुमनचं तर विचारू नका. कुस्तीच्या मैदानाला बायका येत नाहीत, तेव्हा तिने माझी कुस्ती कधी पाहिली नाही हे ठीक आहे. पण बिल्डरच्या खेळाला ती सगळा बचत गट घेऊन गेली. ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवते, हे मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळलं. घरी येऊन म्हणाली, "दस्तगीरभाऊ काय पडत्यात वो! तुमी कंदी असं पडला व्हता का?"

शाळेतली पोरं विचारतात, "सर, तुमी बिल्डरचं मित्र ना?" तीस वर्षं नोकरी केली आणि माझी ही ओळख झाली.

आणि या सगळ्यात दस्तगीरला काही म्हणजे काही चढलं नाही, याचाही मला संताप येतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी दूर नगरकडे दिलेली, दुकानामागच्या खोलीत एकटा राहतो. खेळ नसेल तेव्हा संध्याकाळी दुकानाची फळी अर्धी लावून रस्त्याकडे बघत बसतो. ओळखीचा दिसला की हाक मारतो, "या पावणं, टेका जरा." मी या दोन वर्षांत त्या रस्त्याने जाणंच टाळायचो.

यंदा अवसरीच्या यात्रेत पंचमंडळींनी नेहमीचा आखाडा दुपारी घेतला आणि संध्याकाळी हा खेळ ठेवला. माझ्या गावात, माझ्या मैदानात! आदल्या दिवशी बिबट्याचा पाय मुरगळला. दस्तगीर माझ्या घरी आला.

"शांत्या, तू ये रिंगणात. गावचा जुना पैलवान बिल्डरला हाकलून देतो. लोकं येडी व्हतील."

"मला नाटक येत नाही," मी म्हणालो.

"तू कर की तुजी कुस्ती. पडायचं माज्याकडं लागलं."

मी तयार झालो. पण मनात ठरवलं होतं, याला खराच आपटायचा. ठरलेलं-बिरलेलं गेलं खड्ड्यात. गावाला आणि सुमनला एकदा दिसू दे, कुस्ती म्हणजे काय आणि पैलवान कोण.

बिल्डरने टेप काढला, मैदान पेटलं. मी दोरांतून आत गेलो, शड्डू ठोकला. गुडघ्यात कळ आली, पण लोक ओरडले. मी सरळ त्याची मान धरली, कंबर आत घातली आणि जीव खाऊन ढाक मारली.

दस्तगीर हलला नाही.

पुन्हा जोर केला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि दस्तगीर जागच्या जागी उभा. त्याचे पाय त्याने शिवलेल्या त्या गादीत रुतल्यासारखे घट्ट होते. माझ्या कानाशी त्याचा श्वास संथ चालला होता. तेव्हा मला कळलं की या माणसाला मी हलवू शकत नाही. आज नाही, आणि कदाचित कधीच नाही.

मग माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या. हलक्या. आणि दस्तगीर माझ्या कमरेवरून आपण होऊन उचलला गेला, गरकन फिरला आणि धाडकन पाठीवर पडला.

मैदान दणाणलं. मी सवयीने त्याला सोडून उठलो, दोन्ही हात वर केले, चारी बाजूंना नमस्कार केला. पाठ लागली, कुस्ती संपली. खालून दस्तगीर कुजबुजला, "अरं, उठतो कशाला? बस छातीवर. तीन मोजायचंत."

लोक हसले. मी त्याच्या छातीवर बसलो. पंचाने गादीवर हात आपटला, "एक!"

"दस्तगीर," मी विचारलं, "तवाबी असंच?"

"दोन!"

त्याने झटक्यात खांदा उचलला. लोक हळहळले. मी त्याला पुन्हा दाबला. त्याचा गॉगल कुठे तरी उडाला होता.

"तुजं दादा म्होरं बसलं व्हतं," तो म्हणाला. "लंगोट चुलीत घालणार व्हतं ना? तूच सांगितलंस सकाळी. रडकुंडीला आला व्हतास."

"एक!"

"आन तू?"

"माज्याकडनं कोण आलं व्हतं, राव? बाप नव्हता. आई मंचरात गाद्या शिवत बसलेली. मी जिंकून दावायचं कुणाला?"

"दोन!"

माझे हात सैल पडले. त्यानेच माझी मनगटं धरली आणि आपल्या छातीवर दाबून ठेवली.

"तीन!"

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. सुमनने माझ्यासाठी शिट्टी वाजवली. मी वरून बघत होतो, बिल्डर लंगडत, लोकांच्या शिव्या खात, टेप गुंडाळत चालला होता, आणि त्याच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन दुकानात गेलो. त्याच्यापुढे ठेवली. दस्तगीरने ती फिरवून पाहिली, बोटाने वाजवून पाहिली.

"झ्याक घासतोस," म्हणाला. "घिऊन जा घरी."

"ही तुझी आहे."

"कुस्ती राहू दे. दादांनी फेटा बांधला, तो तर खरा व्हता ना?" असं म्हणून त्याने दाभणात दोरा ओवला आणि माझ्याकडे पाठ करून गादीला टाके घालायला बसला. मी बराच वेळ तिथेच टेकलो.

आता त्याचा खेळ कुठेही असो, मी पुढच्या रांगेत जाऊन बसतो. बिल्डर आला की सगळ्यात मोठ्याने शिव्या मीच देतो. त्याच्या बाजूने ओरडायची तिथे तीच रीत आहे. घसा बसतो, शाळेत शिट्टीवर काम भागवावं लागतं. दस्तगीर पडायच्या आधी एकदा पुढच्या रांगेकडे बघतो, मी दिसलो की मग पडतो. परवा जुन्नरच्या खेळाला त्याची मुलगी नातवाला घेऊन आली होती. माझ्याच शेजारी बसली. त्या दिवशी तो पडायच्या आधी तिच्याकडे बघून पडला, आणि खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलंच.