धोंडवलीचे झोपाळे

शलाका मयेकर नऊ वर्षं परदेशी शिकून धोंडवलीत परतली ती दोन तटांत फुटलेलं गाव एक करायला. पण गावात भांडण असं नव्हतंच, फक्त वरच्या आळीतले झोपाळे पुढे येत तेव्हा खालच्या आळीतले मागे जात. कुणी बसलेलं नसलं तरी ते हलत. पाहुण्याला चहा द्यायचा तो झोपाळा पुढे आला की, एवढी रीत पाळून लोक सुखात होते.

शलाकाला हे पटेना. गावाचा झोका एक हवा, असं तिने ग्रामपंचायतीत ठणकावून सांगितलं. कारकून शिवलकरभाऊंनी बाजू बदलायचा छापील अर्ज पुढे सरकवला. एक झोपाळा फिरला की शेजारचे दोन फिरतात, मग त्यांच्या शेजारचे, हेही सांगितलं. मात्र सगळेच एका बाजूला नकोत, म्हणाले. का, ते विचारल्यावर त्यांनी खिडकीतून खाडी दाखवली आणि पान लावायला घेतलं.

शलाकाने खालच्या आळीतल्या आपल्या घरी जाऊन झोपाळ्याला उलटा रेटा दिला. शेजारच्या सुलूआत्यांचा झोपाळा लगेच फिरला. तिन्हीसांजेला सगळं गाव एका लयीत झुलू लागलं. शलाकाचे डोळे भरून आले. तेवढ्यात सगळे झोपाळे मिळून पुढे आले आणि गाव खाडीकडे चार बोटं सरकलं. मागे जाताना चढ असल्यामुळे ते परत गेलं नाही.

"कौतुक आहे हो तुझं," सुलूआत्या म्हणाल्या. "माझी विहीर तेवढी मागे राहिली."

सकाळी शाळेच्या पायरीला पाणी लागलं होतं. मुलांनी खिडकीतून गळ टाकले होते. शिवलकरभाऊ टेप घेऊन आले, मोजलं, आणि शाळा दुपारपर्यंत आहे म्हणाले. घरोघर विचारून झालं होतं, पण आता जो तो झोपाळ्यावर बसला होता, बसलेल्याचा झोपाळा आपोआप फिरेना, आणि फुटायला कुणी तयार नव्हतं. एकीचा झोका लांब जातो, वाराही छान लागतो.

"कुणीतरी एकट्याने उलटं जायला हवं," भाऊ म्हणाले.

"किती वेळ?"

"सुलूताई फुटेपर्यंत."

सुलूआत्या डोळे मिटून झुलत होत्या. शलाकाने चपला काढल्या, झोपाळ्यावर बसली, आणि अख्खं गाव पुढे येत असताना आपण मागे जायचं ठरवलं.