नव्या टायमाचे दहा

लढाईच्या दिवसांत सरकारने बरेच काही मागितले आणि लोकांनी कुरकुरत का होईना, ते दिले. पण बेचाळीस सालच्या भादव्यात सरकारने लोकांकडे एक तास मागितला, तेव्हा तो नेमका कुठून काढून द्यायचा हे शहाद्यात कोणाला कळेना. हुकूम तसा साधा होता. सगळी घड्याळे एक तास पुढे करायची, म्हणजे उजेड जास्त वापरला जाईल आणि दिवाबत्ती वाचेल. हा हुकूम दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून धुळ्याला आणि धुळ्याहून शहाद्याच्या मामलेदार कचेरीत आला. (एक तास पुढे जा, हे सांगणारा कागद स्वतः सहा दिवस मागे राहिला होता, पण तो दोष टपालाचा.) कचेरीत तो बारनिशी कारकून गिरधर पाटील यांच्या टेबलावर पडला.

आवकजावक कागदांची नोंद करणे एवढेच बारनिशी कारकुनाचे काम. कागद वाचलाच पाहिजे अशी कोणाची अपेक्षा नसते. गिरधर पाटील मात्र वाचत. त्यांच्या घराण्यात नांगर सोडून टाक हातात धरणारे ते पहिलेच, त्यामुळे सरकारी कागद म्हटला की त्यांना तो आपल्यालाच लिहिलेला वाटे. त्या दिवशी घरी जाऊन ते स्टुलावर चढले, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक फेरा पुढे फिरवला आणि खाली उतरून बायकोला सांगितले की आजपासून या घरात फक्त सरकारी टाइम चालेल. जो सरकारचा पगार, तोच सरकारचा टाइम, असे त्यांचे म्हणणे होते.

छबूबाई तेव्हा गोठ्यात निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "गाय काय घड्याळ देखीसन दूध देस का?"

यावर हुकुमात काही म्हटलेले नव्हते. गिरधर पाटलांनी तो मुद्दा सोडून दिला आणि तेवढी एक गाय जुन्या टायमावर राहिली.

गावात मात्र नव्या टायमाचे फार बारकाईने पालन झाले, फक्त ज्याने त्याने आपल्या सोयीचे अर्धे पाळले. कचेरीतली मंडळी जुन्या टायमाने येत आणि नव्या टायमाने घरी जात. चुनीलाल शेठच्या कापसाच्या जिनात याच्या बरोबर उलटे होते. तिथे भोंगा सकाळी नव्या टायमाने वाजे आणि संध्याकाळी जुन्या. हेडमास्तर समजूतदार गृहस्थ, त्यांनी सरकार आणि पालक दोघांचाही मान राखून शाळा अर्धाच तास पुढे केली. त्यामुळे गावात तिसराच टाइम सुरू झाला, तो मुलांशिवाय कोणाला कळत नसे. देवळातल्या पुजाऱ्याने सूर्याला हुकूम पोचल्याचे कळल्यावर बघू, असे सांगितले. दोंडाईच्याची मोटार पूर्वीपासून भरली की सुटत होती, ती तशीच सुटत राहिली. कचेरीचे टोल देणारा शिपाई आमश्या तर सर्वांत व्यवहारी निघाला. साहेब जागेवर असले की तो नव्या टायमाने टोल देई, साहेब दौऱ्यावर गेले की जुन्या. टोल ऐकून लोकांना वेळ कळत नसे, पण साहेब गावात आहेत की नाहीत ते कळे आणि लोकांना खरी गरज त्याचीच होती.

नवा टाइम सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाळणारा माणूस अख्ख्या शहाद्यात एकच होता. तो रोज सकाळी कचेरीच्या बंद दारासमोर डबा मांडीवर घेऊन तासभर बसलेला दिसे. लोक हळूहळू दोन टायमांना नावांनी ओळखू लागले. सूर्याचा तो देवना टाइम आणि घड्याळाचा तो सरकारना टाइम. काही टवाळ लोक दुसऱ्याला 'गिरधर पाटीलना टाइम' म्हणत. त्यात आपला गौरव आहे असे पाटलांना बरेच दिवस वाटत होते.

हे असेच चालले असते, पण त्या हिवाळ्यात रमिलाच्या लग्नाचा विषय निघाला.

रमिला ही त्यांची एकुलती एक मुलगी. याआधी तिच्यासाठी दोन स्थळे आली होती आणि दोन्ही रमिलाला न बघताच मोडली होती. पहिल्या स्थळाच्या आजोबांना पाटलांनी जन्माचा दाखला मागितला होता. दुसऱ्या वेळी मुलाच्या मामांनी दाखवलेल्या शेतीच्या उताऱ्यात त्यांनी तीन चुका काढल्या आणि त्या लाल शाईने दुरुस्त करून दिल्या. मुलगी गुणाची होती, पण तिच्याआधी पाहुण्यांना तिच्या बापाला भेटावे लागे, हीच अडचण होती. छबूबाईंनी तेव्हापासून गूळ सोडला होता.

हे तिसरे स्थळ छबूबाईंचा भाऊ भटू याने आणले. प्रकाशा गावचे नवल पाटील, तापीकाठची काळी जमीन, मुलगा धनसिंग विसरवाडीला लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. इतके चांगले स्थळ पुन्हा येणार नाही, हे छबूबाई जाणून होत्या आणि मनातून गिरधर पाटीलही जाणून होते. रात्री झोप न लागण्याइतकी काळजी त्यांनाही होती, फक्त ती कोणत्या रजिस्टरात नोंदवावी हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी भटूला सांगितले की रविवारी दुपारी चार वाजता पाहुण्यांना घेऊन ये.

भटू शेतकरी माणूस, त्याने शंका विचारून घेतली. "चार कोणता दाजी? देवना का सरकारना?"

"सरकारचा. दुसरा कुठला टाइम आता अस्तित्वात नाही," पाटील म्हणाले.

भटूने वाटेत विचार केला. सरकारचे चार म्हणजे आपले तीन. प्रकाशाला सरकारी टाइम कोणी ओळखत नाही, उगाच पाहुण्यांच्या डोक्याला ताप कशाला. म्हणून त्याने नवल पाटलांना 'तीन वाजता' असा निरोप दिला आणि आपण परस्पर शहाद्याला पोचतो म्हणून सांगितले. इकडे नवल पाटलांनीही विचार केला. निरोप कचेरीतल्या माणसाच्या घरून आलाय, म्हणजे तीन हे सरकारीच असणार. आपल्या हिशेबाने दोन. सोयरीक जुळवायची तर त्यांच्या टायमाला मान द्यायला हवा. अशा रीतीने दोन भल्या माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी एकेक तास कापला आणि पाहुणे गिरधर पाटलांच्या चारऐवजी त्यांच्या तीनलाच येऊन उभे राहिले.

त्या वेळी छबूबाई परसात भांडी पसरून बसल्या होत्या. रमिला गोठ्यात होती. आणि गिरधर पाटील ओट्यावर न्हाव्यापुढे बसले होते. अर्धी दाढी झाली होती, अर्ध्या गालावर साबण होता, मान वर होती आणि डोळे मिटलेले होते. पाहुण्यांनी बैलगाडी गोमाई नदीच्या काठावर बैलांना पाणी दाखवायला सोडली होती आणि तिघे जण चालत आले होते. धोतरांवर धूळ होती. नवल पाटलांनी दारातून राम राम घातला.

डोळे मिटूनही गिरधर पाटलांना कळले की अर्जवाले आले. रविवार बघून अर्ज लिहून घ्यायला खेड्यातले लोक घरी येत, त्याची त्यांना सवय होती आणि रागही होता. अशा वेळी ते घरातही कचेरीची शुद्ध मराठी बोलत.

"आज रविवार आहे. कचेरी बंद आहे," ते म्हणाले.

"कचेरीमा काम नही. तुम्हनाकडेच काम शे," नवल पाटील म्हणाले.

"सगळ्यांचं माझ्याकडेच असतं. काम कसलं? मोजणी की वारसनोंद?"

नवल पाटील जरा थबकले. मग आपल्या सोबत्यांकडे बघून म्हणाले, "वारसनंच म्हना."

"मयत कोण?"

"आजून तरी कोनी नही."

"मयत नाही तर वारस कसला लावता?" गिरधर पाटील छपराकडे तोंड करून म्हणाले. "आधी मयत आणा, मग तलाठ्याचा दाखला आणा आणि उद्या दहा वाजता कचेरीत या. नव्या टायमाने."

नवल पाटील हे सावकाश बोलणारे आणि सावकाशच हसणारे गृहस्थ होते. त्यांना आता मजा वाटू लागली होती. त्यांनी नम्रपणे सांगितले, "आम्हना गावमा एकच दहा वाजतस, रावसाहेब."

मग गिरधर पाटलांनी त्यांना नवा टाइम समजावून दिला. उजेडाची बचत, लढाई, दिल्ली, मुंबई, धुळे. ठरल्या वेळेला न येणाऱ्या माणसामुळे देशाचे किती नुकसान होते ते सांगितले. तुम्ही खेड्यातले लोक घड्याळ पाळत नाही म्हणून तुमची कामे होत नाहीत, हेही सांगितले. न्हाव्याने दोनदा वस्तरा उचलून वाट पाहिली. पाहुणे उन्हात उभे राहून ऐकत होते.

तेवढ्यात रमिला गोठ्यातून आली. तिचे हात शेणाने भरले होते, पदर खोचलेला होता. कोण आहेत हे तिला ठाऊक नव्हते, तीन म्हातारी माणसे उन्हात उभी आहेत एवढेच तिने पाहिले.

"बाबा, उनमा कसाले उभा शेतस? सावलीमा बसा," ती म्हणाली. तिने हात धुतले, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला घोंगडी टाकली आणि तिघांना तांब्याभर पाणी आणून दिले. मग ती गोठ्यात निघून गेली, तिचे काम राहिले होते.

पाणी पिऊन नवल पाटलांनी तोंड पुसले. इकडे गिरधर पाटलांनाही जरा दया आली असावी, कारण त्यांनी उद्या अर्ज तयार ठेवतो म्हणून सांगितले आणि नाव विचारले.

"नवल दगडू पाटील."

"मुक्काम?"

"प्रकाशा."

गिरधर पाटलांचे डोळे उघडले. वस्तरा नेमका गळ्यावर होता. "मालक, हालू नका," न्हावी म्हणाला. त्यामुळे पुढचा पाव गाल होईपर्यंत मुलीच्या बापाला आपल्या व्याह्यांकडे फक्त तिरक्या नजरेने बघता आले. बोलता काहीच आले नाही. छबूबाईंचे पुढे कायम म्हणणे होते की ही सोयरीक त्या न्हाव्याने जुळवली.

आवाज ऐकून त्या मागच्या दारातून आल्या आणि एका नजरेत सगळे समजल्या. शिऱ्याला वेळच नव्हता. सकाळची कळण्याची भाकर होती, शेंगदाण्याची चटणी होती, ती त्यांनी पुढे केली. गाडीत बसून अंग मोडलेल्या तिघांनी ती चवीने खाल्ली. गिरधर पाटील एका गालाने गुळगुळीत होऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांना वाटत होते की तिसरे स्थळही गेले आणि या वेळी तर आपण नुसता कागद मागून थांबलो नव्हतो, मयतही मागितले होते. पोरीच्या तोंडाकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

हात धुतल्यावर नवल पाटील म्हणाले, "बाई, आम्हले पसंत शे. पोरनी पानी दिधं, बापनी तारीख दिधी. एक दिवसमा आखो काय पाहिजे?"

छबूबाईंनी त्याच संध्याकाळी गूळ खाल्ला. बरोबर सरकारी चार वाजता भटू धापा टाकत आला. संबंध दिवसात वेळेवर पोचलेला तो एकटाच माणूस, पण त्याच्यासाठी भाकर उरली नव्हती.

लग्न वैशाखात शहाद्यालाच ठरले. गिरधर पाटील आता शहाणे झाले होते. त्यांनी स्टुलावर चढून घड्याळ मागे घेतले आणि घरात सर्वांना बजावले की लग्नाची एकूण एक गोष्ट देवाच्या टायमाने होईल. वऱ्हाड चार वाजता यायचे, म्हणजे सूर्याचे चार. पंचांग तेच सांगते, व्याह्यांचे गावही तेच पाळते, आता चुकायला जागाच नाही. प्रकाशाला निरोपही तसाच गेला, नुसता 'चार वाजता'. कुठले चार ते सांगायची गरज उरली नाही असे त्यांना वाटले.

लग्नाच्या दिवशी दुपारी ते निवांतपणे ओट्यावर न्हाव्यापुढे बसले. अर्धी दाढी झाली असेल नसेल, लांबून वाजंत्री ऐकू आली. वैशाखात गावात लग्ने पुष्कळ असतात. कोणीतरी बिचारे तासभर आधीच आले वाटते, असे म्हणून त्यांनी डोळे मिटले.

वाजंत्री दारात येऊन थांबली. गिरधर पाटलांनी डोळे उघडले. पुढे नवरदेव, मागे दोन-अडीचशे वऱ्हाडी आणि सर्वांत पुढे फेटा बांधलेले नवल पाटील उभे होते. व्याह्यांच्या सरकारी टायमाचा मान राखायचा म्हणून त्यांनी अख्ख्या प्रकाशाला त्या दिवशी एक तास लवकर जेवायला लावले होते.

ते सावकाश ओट्याजवळ आले, अर्ध्या गालावरच्या साबणाकडे त्यांनी नीट पाहिले आणि आयुष्यात प्रथमच कचेरीच्या शुद्ध मराठीत विचारले, "काय रावसाहेब, उद्या दहा वाजता येऊ का? नव्या टायमाने?"