ओट्यावरची चेलो

झिंगोला कंपनीची बाई येणार म्हणून बुधवारी सकाळी नॉर्माचं स्वयंपाकघर लख्ख करण्याचा हुकूम सुटला. हुकमाच्या शेवटी एक ओळ होती: 'ओट्यावरची चेलो उचला.' रूबेन ओचोआने ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि तो मटकन खाली बसला. खाली नॉर्माची खुर्ची होती हे त्याचं नशीब.

नॉर्मा ही कोणी खरी बाई नव्हे. 'नॉर्माचे शेजारी' या विनोदी मालिकेतली ती बाई, आणि तिचं तीन भिंतींचं घर बरबँकच्या स्टुडिओत अकरा वर्षं उभं होतं. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे, आणि त्यांच्यामागे दर शुक्रवारी हसायला येणारे दोन-तीनशे प्रेक्षक. या घरातली चमच्यापासून कपाटापर्यंतची सगळी प्रॉपर्टी रूबेनच्या ताब्यात असे. त्याच्या धंद्याचा पहिला नियम असा, की खरं दिसता कामा नये. खऱ्या कंपनीचा डबा असो की बाटली, कंपनीने पैसे भरले नसतील तर तिचं नाव झाकायचं. त्यासाठी काळ्या चिकटपट्टीचं रीळ त्याच्या कमरेला कायम लटकलेलं असे. सवय इतकी मुरलेली, की घरीसुद्धा तो कॉफीच्या डब्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचा. दुसरा नियम असा, की खोटं मात्र बिनदिक्कत दाखवायचं.

आणि चेलो खोटी होती.

बावीस वर्षांपूर्वी रूबेन दुसऱ्या एका मालिकेवर होता, तेव्हा तो बायकोचा वाढदिवस विसरला. बायकोचं नाव कन्स्वेलो, पण सगळं गणगोत तिला चेलो म्हणतं. आता हिला तोंड कसं दाखवायचं, या धसक्यात त्याने एक कागद घेतला, लाल फूल काढलं, त्याखाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत 'चेलो' लिहिलं, बाटलीला चिकटवलं आणि बाटली त्या मालिकेतल्या ओट्यावर ठेवून दिली. पुढच्या मंगळवारी टीव्हीवर स्वतःचं नाव पाहून कन्स्वेलो अशी किंचाळली की शेजारी काठी घेऊन धावत आला.

तेव्हापासून रूबेन जाईल तिथे चेलो गेली. इतर मालिकांची प्रॉपर्टी सांभाळणारे दोस्त येता-जाता एखादं खोकं मागून नेत, त्यामुळे हळूहळू ती चौदा मालिकांच्या ओट्यांवर पोचली. बाटल्या रिकाम्या नसत. नटांना खरंच प्यावं लागे, म्हणून त्यांत कन्स्वेलोच्या हातचं, अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत भरलेलं असे. दर मंगळवारी संध्याकाळी ती मांडीवर राजम्याची ताटली घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि ओट्यावर आपली बाटली शोधायची. बाटली दिसली की रूबेनला गरम जेवण. एकदा कॅमेरावाल्याने तो कोपरा कापला, तर तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

म्हणजे एरवी फार बोलणं व्हायचं असं नाही. रूबेन मुळातच मुखदुर्बळ.

"पहाटे पाचला उठतोस, टोपी घालतोस आणि चोरासारखा पसार होतोस," कन्स्वेलो म्हणायची. "तोंडातून एक शब्द? त्यापेक्षा पोस्टमन बरा. तो निदान हेलो तरी म्हणतो!"

यावर रूबेन टोपी सारखी करायचा. तेच त्याचं उत्तर.

तर बुधवारी तो तडक निर्मातीण लेनोर पिंकसच्या खोलीत गेला.

"चेलो का उचलायची?"

"रूबेन, माझ्या राजा," लेनोर म्हणाली, "मालिका शेवटचे आचके देतेय. झिंगोलाचे पैसे आले तर पुढचं वर्ष मिळेल. नाहीतर शुक्रवारी आपल्या सगळ्यांच्या हातात नारळ. आणि त्यांची अट आहे, समोर दुसऱ्या कंपनीचं पेय नको."

"कंपनी? अगं, ती माझी बायको आहे!"

"मला माहितेय. त्यांना पटव."

पटवायचं होतं ते प्रूडेन्स टॅलमज या बाईंना. त्या झिंगोलाच्या ओहायोतल्या मुख्य कचेरीतून आल्या होत्या आणि त्यांच्या काखेत वीटभर जाडीची फाइल होती. फाइलच्या प्रत्येक पानावर कुठल्यातरी ओट्याचा फोटो, आणि फोटोतल्या एका बाटलीभोवती लाल गोल.

"बावीस वर्षं!" प्रूडेन्सबाई म्हणाल्या. "चौदा मालिका! आम्ही एवढे पैसे ओततो तेव्हा कुठे दोन सेकंद मिळतात, आणि हे लोक ओट्यावर ठाण मांडून बसलेत. ना जाहिरात, ना दुकान, ना फोन नंबर. आमच्याकडे चार माणसं फक्त चेलोच्या मागावर आहेत, मिस्टर ओचोआ. हे लोक आहेत तरी कोण?"

"बाई, ती खोटी आहे," रूबेन म्हणाला.

प्रूडेन्सबाई गोड हसल्या. "हेच मला आणखी तीन स्टुडिओंत सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. काय कडक शिकवण असेल हो या कंपनीची!"

"लेबल मी काढलंय. या हातानं."

"अच्छा, म्हणजे तुम्ही त्यांचंही काम करता." त्यांनी टिपून घेतलं. "वरिष्ठ कोण आहेत तुमचे?"

रूबेनने लेनोरकडे पाहिलं. लेनोर छताकडे पाहत होती. रूबेन विचार करू लागला. खोटं सांगावं तर त्याला जमत नव्हतं, आणि खरं सांगितलं तर ते चालत नव्हतं.

"वरिष्ठ म्हणजे… चेलोच. माझ्या घरी असते."

प्रूडेन्सबाईंचं पेन थांबलं. "स्वतः? भेटतील त्या? मला फक्त एक कागद हवाय. ओट्यावरून माघार घेतल्याचा."

"भेटेल. पण रागावेल."

"मोठी माणसं रागावतातच," प्रूडेन्सबाई आदराने म्हणाल्या.

आता हे सगळं नीट सांगायला माणसाला दहा मिनिटं लागली असती. रूबेनने घरी फोन केला आणि आपल्या पद्धतीने सांगितलं, "उद्या एक बाई येतेय. तुला काढून तिला यायचंय." आणि ठेवून दिला.

गुरुवारी रूबेनच्या सन व्हॅलीतल्या घराचं दार उघडलं तेव्हा कन्स्वेलोने बहिणीच्या लग्नातले झुमके घातले होते आणि हात कमरेवर होते. प्रूडेन्सबाईंना वाटलं, वा, काय रुबाब आहे.

"ही का ती?" कन्स्वेलोने नवऱ्याला विचारलं.

"हीच," रूबेन म्हणाला.

"मी सरळ मुद्द्यावर येते," प्रूडेन्सबाई म्हणाल्या. "तुम्ही बरीच वर्षं ही जागा सांभाळलीत. आम्हाला त्याचा आदर आहे. पण आता नव्यांना वाव द्यायला हवा."

"नव्यांना!" कन्स्वेलोच्या नाकपुड्या फुगल्या. "बावीस वर्षं, बाई, बावीस वर्षं मी तिथं आहे. आणि ही काल आली आणि मला ऊठ म्हणते!"

"लोकांना आता जरा चटपटीत लागतं."

"याला?" कन्स्वेलोने रूबेनकडे बोट केलं. "याला तिखट जास्त झालं तर रात्रभर येरझाऱ्या घालतो!"

रूबेनने टोपी सारखी केली.

"तुमची अपेक्षा तरी सांगा," प्रूडेन्सबाईंनी आवाज मऊ केला. "पूर्ण माघार नको असेल तर वाटून घेऊ. आठवड्याला तुम्ही, आठवड्याला आम्ही."

हे ऐकून कन्स्वेलोला बसावं लागलं. बहिणीला काय सांगायचं, चर्चमध्ये काय तोंड दाखवायचं, असं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण घरात आलेल्या माणसाला, मग ती अगदी सवत का असेना, कोरडं पाठवायची तिच्या आईची शिकवण नव्हती. तिने बर्फाचा जग उचलला आणि लाल सरबताचा पेला प्रूडेन्सबाईंच्या पुढ्यात आदळला.

प्रूडेन्सबाईंनी घोट घेतला. मग आणखी एक. मग पेला रिकामा झाला तरी त्या तो सोडेनात.

"ही… हीच चेलो?"

"चेलो मी!" कन्स्वेलो गरजली.

"म्हणजे नावसुद्धा तुमचंच!" प्रूडेन्सबाई उभ्या राहिल्या. "कारखाना कुठाय?"

"कसला कारखाना? इथंच. या शेगडीवर."

"सगळं उत्पादन?"

"सगळं. मोठं पातेलं गळतंय महिनाभर, ह्याला सांगून सांगून जीभ झिजली."

प्रूडेन्सबाईंनी तेही लिहून घेतलं. मग त्या अंगणात जाऊन लिंबाच्या झाडाखाली अर्धा तास फोनवर बोलल्या आणि परत आल्या त्या डोळे चमकवत. ओहायोचं म्हणणं असं होतं, की चौदा मालिकांतून हटवण्यापेक्षा चेलो विकत घेणं सोपं. कृती, नाव, लेबल, सगळं.

कन्स्वेलोने रूबेनला फ्रिजपाशी ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "म्हाताऱ्या, खरं सांग. ही बाई तुला मागतेय की सरबत?"

"सरबत," रूबेन म्हणाला. त्याला दुसरं काही मागता येईल हे सुचलंच नव्हतं.

"मग घेऊन जा म्हणावं! हे आधी सांगायला तुझ्या जिभेला काय लकवा झाला होता?"

तिने कागदावर सही केली. साखर वाढवायची नाही आणि लाल फूल बदलायचं नाही, अशा दोनच अटी घातल्या. शुक्रवारी नॉर्माच्या ओट्यावर झिंगोला आली, मालिकेला पुढचं वर्ष मिळालं, लेनोरने रूबेनच्या टकलाचा मुका घेतला. झिंगोलाने कोणाला झिंग येत नव्हती ही गोष्ट वेगळी.

उन्हाळ्यात चेलो खरोखर दुकानांत आली. कन्स्वेलो रोज काही ना काही निमित्त काढून सुपरमार्केटात जायची आणि फळीवरच्या सगळ्या बाटल्या तोंड पुढे करून लावून यायची. मागून रूबेन जायचा आणि त्याचे हात आपसूक त्यांची तोंडं मागे करू लागायचे. शेवटी तिने त्याला ढकलगाडीपाशी उभं राहायची शिक्षा दिली.

"आता मंगळवारची वाट बघतेय," ती बहिणीला फोनवर सांगत होती. "आता मी खरी आहे. आता तर मला मधोमध ठेवतील!"

ऑगस्टमध्ये नव्या वर्षाचं पहिलं चित्रीकरण निघालं. रूबेनने झिंगोला पुढे लावली, सवयीने दोनदा तिचं नाव झाकलं, दोनदा उघडलं. मग जुन्या खोक्यातून एक चेलो काढून खिडकीपाशी कोपऱ्यात ठेवली. एवढ्याशा कोपऱ्याचं कोणाला काय, असं त्याला वाटलं.

"झाक ती," मागून लेनोर म्हणाली.

"काय?"

"नाव झाक. वाहिनीच्या वकिलाचा निरोप आलाय. ते खरं पेय आहे आणि त्याचे पैसे भरलेले नाहीत."

"पण ती खोटी आहे!"

"होती, राजा."

"पण झिंगोला आणि चेलो आता एकाच कंपनीच्या आहेत ना?"

"झिंगोलाने भरलेत, चेलोने नाहीत. मी प्रूडेन्सलाच फोन केला, आता तीच चेलोची साहेबीण आहे. ती म्हणते, जाहिरातीला पैसाच मंजूर नाही. बावीस वर्षं फुकटात झाली, आता कशाला, असं ओहायोचं म्हणणं."

रूबेन बाटली हातात घेऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं. आयुष्यभर त्याने जगातल्या यच्चयावत कंपन्यांची नावं झाकली होती, ती या एका नावाला जागा व्हावी म्हणून. तेच आता झाकायचं. आणि मंगळवारी ती ताटली मांडीवर घेऊन बसणार, बहिणीला बोलावून. तिला काय सांगायचं? आणि सांगायला त्याच्याकडे शब्द तरी कुठे होते?

त्याने कमरेचं रीळ सोडवलं आणि पट्टीचे तुकडे फाडले. इंग्रजीत पाच अक्षरं, सी-एच-ई-एल-ओ, म्हणून पाच तुकडे. पहिला तुकडा 'सी'वर लावला, दुसरा बोटावर घेतला आणि तो थांबला.

"आटप ना," लेनोर म्हणाली. मग तिने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं, आणि वकिलाला फोन लावला. "हो, फक्त एवढं विचारायचंय, या नावाचं एखादं पेय आहे का? नाही ना? बरं."

मंगळवारी संध्याकाळी मालिका सुरू झाली. कन्स्वेलो सोफ्याच्या टोकावर, शेजारी बहीण. रूबेन दारात उभा होता, लागलंच तर पळता यावं म्हणून. नॉर्मा आली, फ्रिज उघडला, झिंगोला घेतली. कॅमेरा खिडकीकडे वळला.

"ते बघ माझं फूल!" कन्स्वेलो ओरडली. मग तिचा चेहरा पडला. "पण नाव… नाव झाकलंय. माझं नाव झाकलंस तू?"

"अख्खं नाही," रूबेन म्हणाला.

तिने डोळे बारीक केले आणि उरलेली चार अक्षरं बोटाने हवेत वाचली. "हे… लो." तिने पुन्हा वाचलं. मग हळूच मान वळवून दारातल्या माणसाकडे पाहिलं. बहीण गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"एक 'एल' कमी आहे," कन्स्वेलो म्हणाली. "जेवण गरम करते."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रूबेनने टोपी घातली. दारापर्यंत गेला, थांबला, मागे आला, आणि झोपायच्या खोलीत डोकावून, घसा खाकरून म्हणाला, "हेलो."

"अरे देवा," उशीतून आवाज आला. "निघताना हेलो नाही म्हणत, म्हाताऱ्या!"

रूबेनने टोपी सारखी केली.