एक नग जास्त

संध्याकाळी साडेसहाला नगसाहेबांचा चष्मा कमोडमध्ये गेला. त्यानंतर जे जे झालं त्याला आपण जबाबदार नाही, असं ते आजही सांगतात.

नगसाहेब एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर होते. माल आला की मोजायचा, गेला की मोजायचा आणि मधल्या काळात तो आहे तिथंच आहे ना हे पुन्हा मोजून बघायचं, हे त्यांचं काम. खोकं म्हणायचं नाही, नग म्हणायचं, ही सवय त्यांना इतकी जडली होती की कामावरच्या लोकांनी त्यांचं नावच नगसाहेब पाडलं. पंधरा वर्षांत त्यांच्या मोजणीत एका नगाचीही चूक निघाली नव्हती. घरी तर फक्त दोनच नग होते. पाच वर्षांची टिकली आणि तीन वर्षांचा ढब्बू.

त्यांची बायको नर्स. त्या आठवड्यात तिची ड्यूटी बदलली आणि ती रात्री साडेआठशिवाय घरी येणार नव्हती. पोरांची अंघोळ आणि झोप एकट्या नगसाहेबांच्या गळ्यात पडण्याची ही पहिलीच वेळ.

"सोपं आहे हो," ती निघताना म्हणाली होती. "अंघोळ, दूध, गोष्ट, दिवा बंद. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते नगसाहेबांना पहिल्या दहा मिनिटांत कळलं. टिकलीची अंघोळ झाली. ढब्बूच्या डोक्याला शॅम्पू लावायला ते वाकले आणि ढब्बूनं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून शेजारच्या कमोडमध्ये टाकला. नगसाहेब ओरडायच्या आत त्यानं फ्लशही ओढला. पाणी गेलं, चष्मा गेला, आणि ढब्बूनं टाळ्या वाजवल्या.

"अरे! अरे गधड्या!"

नगसाहेबांचा नंबर मायनस सात. चष्म्याशिवाय त्यांना माणूस आणि कपाट यातला फरक, दोघांपैकी कुणी हललं तरच कळायचा. दुसरा चष्मा होता, पण तो गोदामातल्या ड्रॉवरमध्ये. निदान काठीनं तरी चाचपून बघावं म्हणून ते चाचपडत बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले, झाडूचा दांडा घेऊन आले आणि पाच मिनिटं कमोडमध्ये ढवळाढवळ करून हरले. या गडबडीत घराचं दार उघडंच राहिलं.

समोरच्या फ्लॅटचं दार तर त्या वेळी नेहमीच उघडं असायचं. तिथल्या बाई शिकवणी घ्यायच्या. सहा ते साडेसात त्यांच्याकडे मुलांची नुसती रीघ. त्यांचा गुंडू तीन वर्षांचा, ढब्बूएवढाच उंच, ढब्बूएवढाच गोल. फरक एवढाच की ढब्बू दिवसभर बडबडायचा आणि गुंडू तोंडातून शब्द काढायचा नाही. आई फळ्यावर गणित सोडवत असताना तो नुसत्या चड्डीवर खडूच्या खोक्यात बसून मजेत पांढरा होत असे. त्या दिवशी त्याला समोरच्या घरातून पाण्याचा आवाज आणि टाळ्या ऐकू आल्या. तो उठला आणि सरळ चालत आला.

तोवर नगसाहेबांनी ढब्बूला पुसून, नाइटड्रेस घालून, दुधाची बाटली हातात देऊन बेडरूममध्ये पाठवलं होतं. ते बाथरूम आवरायला वळतात तोच पायाशी एक गोल, पांढुरका आकार येऊन उभा राहिला.

"परत आलास? आणि हे काय? सगळ्या अंगाला पावडर? नाइटड्रेस कुठे टाकलास?"

आकार काही बोलला नाही. दारात उभी असलेली टिकली मात्र म्हणाली, "बाबा, हा गुंडू आहे."

आता यात टिकलीची काहीच चूक नव्हती. पण त्या दिवशी सकाळपासून ती डॉक्टर होती, ढब्बू आधी ससा होता, मग पेशंट होता आणि दुपारी काही काळ बस होता. नगसाहेब आधीच वैतागलेले.

"हो का? हा गुंडू. आणि मी हत्ती. जा, झोपायला पळ!"

टिकली निमूटपणे गेली. हत्तीच्या नादी लागण्यात अर्थ नाही हे तिला कळत होतं.

नगसाहेबांनी त्या आकाराला पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत चोळून काढलं. या वेळी पोरगं एकदम शहाण्यासारखं वागलं. रडलं नाही, पळालं नाही, डोक्यावर पाणी ओतलं तर खुदकन हसलं. 'जरा दम दिला की सुधारतात पोरं,' असं मनाशी म्हणत नगसाहेबांनी त्याला धुतलेला नाइटड्रेस चढवला आणि उचलून बेडरूममध्ये नेलं.

पलंगावर भिंतीकडच्या बाजूला पांघरुणाची मोठी गुंडाळी पडली होती. मध्ये टिकली. अलीकडे त्यांनी हातातलं पोर ठेवलं आणि दिवा बंद करून, पुस्तक दिसत नसल्यामुळे, मनानंच एक गोष्ट सांगितली. गोष्टीत एक गोदाम होतं आणि त्यात चारशे खोकी होती. ती एकेक करून मोजायची होती. एकविसाव्या खोक्याला दोघंही गाढ झोपली. बरोबर सव्वासात! नगसाहेब चवड्यांवर चालत बाहेर आले आणि सोफ्यावर असे बसले की जणू किल्ला सर करून आले आहेत.

पंचवीस मिनिटांनी बेल वाजली. एकदा नाही, सलग वाजतच राहिली.

"अहो, गुंडू आहे का तुमच्याकडे?" बाईंचा आवाज फाटला होता. "शिकवणी सुटली आणि बघते तर घरात नाहीच!"

नगसाहेबांनी मान हलवली. "नाही हो! आमच्याकडे नाही आला."

"नक्की? एकदा बघता का आत?"

"बाई, मी स्वतःच्या हातानं दोन पोरं झोपवलीत. दोन म्हणजे दोन. मोजण्यात माझी चूक होत नाही."

बाई तिथंच दाराला धरून मटकन खाली बसल्या. ते बघून, म्हणजे तो आकार खाली गेलेला बघून, नगसाहेबांनी सगळी सूत्रं हातात घेतली. घराला बाहेरून कडी घातली आणि ते जिना उतरू लागले. त्यांच्या पाठोपाठ बाई आणि दारं उघडून बाहेर आलेला निम्मा मजला.

"वॉचमन! कुणी पोर गेलं का बाहेर?"

"नाही साहेब. मी हलतच नाही इथून."

"म्हणजे आतच आहे. पंपाची खोली बघा! पाण्याच्या टाकीचं झाकण बघा!"

टाकी म्हटल्यावर बाईंनी असा हंबरडा फोडला की सगळ्यांच्या अंगावर काटा आला. वॉचमन टॉर्च घेऊन टाकीकडे धावला. झाकणाला कुलूप होतं. तरी त्यानं कुलूप उघडून आत उजेड टाकला, आणि "कुणी नाही" म्हणून ओरडला. तेवढ्यात नगसाहेबांना पार्किंगच्या कोपऱ्यात एक गोल आकार दिसला. ते "गुंडू! बाळा!" करत धावले आणि त्यांनी त्याला छातीशी कवटाळलं. ती वाळूनं भरलेली लाल बादली होती.

"पोलिसांना फोन करा आता," तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा हळू आवाजात म्हणाले. बाईंनी मोबाइल काढला. त्यांना नंबर दाबता येईना. तीन वर्षांचं पोर. आपल्या ढब्बूएवढं. एकदम नगसाहेबांना आपली पोरं डोळ्यांनी बघावीशी वाटली.

"एक मिनिट थांबा, आलोच," म्हणत ते दोन-दोन पायऱ्या चढून वर गेले, कडी काढली आणि अंधाऱ्या बेडरूममध्ये शिरले. पलंगावर काहीतरी उठून बसलं.

"बाबा, तू किती ओरडतोयस खाली," टिकली डोळे चोळत म्हणाली. "गुंडू उठेल ना."

नगसाहेब गुडघ्यांवर बसले आणि हातानं मोजू लागले. हे डोकं टिकलीचं, हे बोलतंय. अलीकडे एक डोकं. आणि भिंतीकडच्या गुंडाळीत हात घातला तर तिथंही एक डोकं.

तीन. त्यांनी पुन्हा मोजलं. तीनच.

"मी तुला सांगितलं होतं," टिकली म्हणाली आणि आडवी होऊन झोपली.

खाली जाऊन "सापडला" एवढंच ते कसंबसं म्हणू शकले. कुठं, कसा, हे त्यांनी जिना चढता चढता, बाईंकडे न बघता सांगितलं. बाईंनी रागवायला हवं होतं, पण त्या रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.

"मी आणून देतो," नगसाहेब म्हणाले. दिवा लावला तर तिघंही उठतील म्हणून त्यांनी अंधारातच डोकं चालवलं. ज्याला आपण उचलून आणलं, ज्याला गोष्ट सांगितली, तो अलीकडचा. म्हणजे तो आपला. मग भिंतीकडचा, जो आपल्या नकळत घुसला, तो गुंडू. हिशेब चोख होता. त्यांनी भिंतीकडचा नग पांघरुणासकट उचलला आणि बाईंच्या खांद्यावर ठेवला.

बाईंनी वास घेतला आणि त्या थक्क झाल्या. "अंघोळ घातलीत? आणि झोपलाय? आत्ता, आठ वाजता? अहो, याला रोज झोपवता झोपवता माझे प्राण कंठाशी येतात!" पांघरूण जराही न हलवता त्या पावलं मोजत समोरच्या दारात शिरल्या.

साडेआठला बायको आली. नगसाहेबांनी सगळं सांगितलं. चष्म्यापाशी ती हसली, टाकीपाशी तिनं तोंडावर हात ठेवला. मग पर्स सोफ्यावर टाकून ती पोरांकडे बघायला आत गेली आणि चार सेकंदांत बाहेर आली. चेहरा पांढराफटक. चष्मा नसतानाही तो नगसाहेबांना दिसला.

"अहो, आपला ढब्बू कुठाय?"

"झोपलाय ना आत?"

"तो गुंडू आहे!"

पुढच्या क्षणी दोघंही समोरच्या दारापाशी होते. बायकोनं दार वाजवायला हात उचलला, तोच ते आतूनच उघडलं. बाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या.

"मीच येत होते," त्या कुजबुजल्या. "आत्ताच मच्छरदाणी सारखी करताना तोंड बघितलं. तुमचा आहे."

"तुमचा आमच्याकडे," बायको कुजबुजली.

"झोपलाय?"

"गाढ. तुमच्याकडचा?"

"हललासुद्धा नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बाई म्हणाल्या, "उचलला तर उठेल."

"उठला तर दोन तास."

"दोघंही उठतील."

"मग सकाळी?"

"सकाळी साडेसातला. तुमचा चहा झाला की."

नगसाहेबांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "अहो, काय बोलताय तुम्ही? पोरं आहेत ती! आपला मुलगा तिकडे, त्यांचा इक—"

"श्श्श!" दोघी एकदम म्हणाल्या.

समोरचं दार आवाज न करता मिटलं. बायकोही चवड्यांवर आत गेली आणि दमलेल्या माणसाच्या सवयीनं तिनं मागच्या मागे दार लोटलं. लॅच लागलं, तेही इतक्या हलकेच की पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या नगसाहेबांना ते क्षणभरानं कळलं. त्यांच्या अंगावर बनियन होता आणि पायात काहीच नव्हतं. किल्ली आत, मोबाइल आत. त्यांचा हात बेलकडे गेला. बटणाला बोट टेकलंही.

मग त्यांनी ते हळूच मागे घेतलं आणि ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.