‘गेला’ म्हणायला बंदी

एका जंगलात बातम्या झाडावर राहत. पानांवर लिहिलेल्या नव्हेत, मुलांनो. तोंडी.

पाणवठ्याकाठी एक उंच अर्जुन होता. त्यावर वानरं बसत. वाघ दिसला की ती ओरडत, "आला!" खालची हरणं पळत. वाघ निघून गेला की वानरं ओरडत, "गेला!" हरणं परत येऊन पाणी पीत. पणजोबांच्या वेळेपासून हेच चालत आलं होतं.

मग झाडाचा कारभार हुप्पेसाहेबांकडे आला. हे टोळीतले थोरले वानर. शेपूट लांब, तोंड काळं, बोलणं गोड. त्यांनी आठ दिवस नुसतं पाहिलं. नवव्या दिवशी सगळ्यांना फांदीवर बोलावलं.

"‘आला’ म्हटलं की जंगल काय करतं?"

"मान वर करून आपल्याकडे बघतं, साहेब."

"आणि ‘गेला’ म्हटलं की?"

"पाणी पितं."

"म्हणजे आपल्याकडे पाठ करतं. उद्यापासून ‘गेला’ बंद."

त्यानंतर त्या जंगलात वाघ नुसते येत राहिले. एकही गेला नाही. हरणं दिवसभर कान टवकारून उभी राहू लागली. खंगली बिचारी. पण बातमी आधी आपल्याला कळावी म्हणून झाडाखाली उंबरं आणून ठेवू लागली. झाडाला ‘इशारा केंद्र’ असं नाव पडलं.

त्या केंद्रात एक टिटवी नोकरीला होती. मुळातच दचकणारी. पान पडलं की दचकायची, आणि नाही पडलं तर आता कधी पडतंय म्हणून दचकायची. मुलाखतीला तिनं ओरडून दाखवलं, तेव्हा साऱ्या फांदीच्या अंगावर काटा आला.

"तुझा आवाज अगदी अशुभ आहे, बेटा," हुप्पेसाहेब खूश होऊन म्हणाले. "उद्यापासून ये."

बाकीचे पिवळं गवत हललं तरी ओरडत. टिटवी मात्र वाघ दिसल्याशिवाय ओरडत नसे. त्यावरून तिला रोज बोलणी बसत.

तिची खरी काळजी वेगळीच होती. टिटवी घरटं बांधत नाही, मुलांनो. उघड्यावर, खड्यांमध्येच अंडी घालते. हिची चार अंडी पाणवठ्याच्या खडीत होती. खडीवरूनच पळायची वाट. पूर्वी महिन्यातून एखादी धावपळ व्हायची. आता दिवसातून सहा. दर वेळी खूर अंड्यांच्या कडेकडेनं जात, आणि टिटवीचा जीव चोचीत येई.

"साहेब, एकदाच ‘गेला’ म्हणू का? सकाळचा वाघ खरंच गेलाय. मी पाहिलंय."

"तू पाहिलंस ना? मग झालं तर. सगळ्यांना कशाला सांगत बसायचं?"

एके दिवशी झाडाखाली चिखलेभाऊ आले. हे एक रानडुक्कर. त्यांना राजा व्हायचं होतं.

"पण मला बोलता येत नाही हो," भाऊ हुप्पेसाहेबांना म्हणाले.

"उत्तम. बोलू नका. चिखलात लोळा."

"ते तर मी रोजच करतो."

"आता चारचौघांत करा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आपल्यातलाच."

"आणि वाघाचं काय करू?"

"वाघाच्या वाटेला जाऊ नका. वाघ खरा असतो, एखाद दिवशी समोर येतो. तुम्ही शत्रू म्हणून साळिंदर धरा. साळिंदर कुणाचं काहीच करत नाही. त्याच्यापासून जंगल वाचवायला कितीसं लागतं?"

असे हुप्पेसाहेब झाडावरून उतरले आणि भाऊंचे सल्लागार झाले. येताना टिटवीला घेऊन आले.

सभा पाणवठ्यावर ठरली.

"भाऊ पाय वर करतील," हुप्पेसाहेबांनी समजावलं. "तू ओरड, ‘साळिंदर आलं!’ गर्दी उधळेल. भाऊ एकटे उभे राहतील. झाले राजा."

"उधळेल कुठून?"

"खडीवरून. दुसरी वाट आहे का?"

"साहेब, तिथं माझी अंडी..."

"जंगलासाठी काहीतरी सोडावं लागतं, बेटा."

"तुम्ही काय सोडलंत?" टिटवीनं विचारलं, आणि स्वतःच्याच प्रश्नानं दचकली.

"झाड," हुप्पेसाहेब म्हणाले.

सभेला अख्खं जंगल लोटलं. अंड्यांतून आता आतली टकटक ऐकू येत होती. भाऊंनी पाय वर केला. टिटवीनं चोच उघडली.

"गेला! गेला! सगळं गेलं!"

किती महिन्यांनी ऐकला हा शब्द! एक म्हातारं सांबर होतं तिथंच मटकन बसलं. एक हरिणी रडायलाच लागली. मग हळूहळू, चालत, जो तो पाण्याकडे वळला.

टिटवीला वाटलं, सुटले.

हुप्पेसाहेबांची पापणी एकदाच लवली. दुसऱ्या क्षणी ते भाऊंच्या पाठीवर उभे होते. "बघितलंत? भाऊंनी नुसता पाय उचलला, आणि संकट गेलं!"

"भाऊंचा विजय असो!"

"अरे, आणि सांगितलं कुणी? टिटवीताईंनी! चला, सत्कार करू!"

रानफुलांच्या माळा घेऊन अख्खं जंगल टिटवीकडे धावत सुटलं. खडीवरून. प्रेमानं धावणाऱ्यांनाही खूर असतातच, मुलांनो.

"थांबा! अहो, थांबा!" टिटवी म्हणाली. जयजयकारात कुणाला ऐकू जाणार?

पहिला खूर अंड्यांपासून चार हातांवर आला. टिटवीनं डोळे मिटले आणि होतं नव्हतं तेवढ्या अशुभ आवाजात ओरडली,

"वाघ! माझ्या पाठीमागं वाघ!"

गर्दी जागच्या जागी वळली आणि उलट पळाली. सगळ्यांत पुढे भाऊ.

वाघ नव्हता. अंडी चारही शाबूत होती. मोकळ्या मैदानात, भाऊंच्या पाठीवरून उतरून, एकटे हुप्पेसाहेब उभे होते, शेपूट हातात धरून.

"तुम्ही नाही पळालात?"

"मी धंद्यातला आहे, बेटा." त्यांनी अंड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्यापासून केंद्र तू सांभाळ."

टिटवी नाही म्हणणारच होती. तेवढ्यात लांबून माळा घेतलेली गर्दी पुन्हा येताना दिसली.

"किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.

तात्पर्य : खोटी ओरड करू नये, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. अगदी बरोबर आहे. पुस्तकं अंडी घालत नाहीत.