पोह्यांच्या डब्यामागचा फोन

सुमित्रा जाऊन दहा महिने झाले होते, तरी तिचा फोन रोज शंभर टक्के चार्ज असायचा. ओंगार या उपनगरातल्या घरात स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये पोह्यांच्या डब्यामागे तो ठेवलेला असे. आयर्लंडमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर चंद्रहासच्या तोंडून कपाट हा शब्द गेला होता आणि प्रेस येऊन बसला होता. चार्जरची वायर आत घेण्यासाठी त्याने प्रेसला मागून भोक पाडलं होतं. ते वाकडं पडलं होतं. सुमित्रा असती तर तिने तेवढंच पाहिलं असतं.

फोन चालू आहे हे चंद्रहासने कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगी चैत्राली अधूनमधून विचारायची, "बाबा, आईचा नंबर नक्की बंद केलास ना? महिन्याला वीस युरो फुकट जातात." चंद्रहास म्हणायचा, "केला गं, मार्चमध्येच केला."

खरी गोष्ट अशी, की चंद्रहास दिवसातून दोन-तीनदा सुमित्राला मेसेज करायचा. "पद्माकर आला होता, अर्धा डबा चकल्या संपवून गेला." "तुझ्या भावाचा फोन. अजून तसाच आहे." बाहेरच्या खोलीतून मेसेज टाकायचा, उठून स्वयंपाकघरात जायचा आणि तिच्या फोनवर तो उघडायचा. मग याच्या फोनवर दोन निळ्या टिका यायच्या. जिवंतपणी सुमित्राने त्याचा एकही मेसेज सहा तासांच्या आत वाचला नव्हता. आता एका मिनिटात वाचत होती. लग्न सुधारलं असं त्याला कधीकधी वाटायचं.

त्या फोनवर चैत्रालीचेही मेसेज यायचे. तिच्या नावापुढच्या हिरव्या गोलात आकडा वाढत वाढत त्रेसष्टवर गेला होता. ते चंद्रहासने एकदाही उघडले नव्हते. दुसऱ्याची पत्रं फोडू नयेत एवढं त्याला शिकवलेलं होतं. शिवाय फोन चालू आहे आणि तो बापाच्या हातात आहे हे पोरीला कळलं, तर ती आईला लिहायची थांबेल. ते त्याला नको होतं. म्हणून "केला गं, मार्चमध्येच केला."

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी चार वाजता पद्माकर चहाला आला होता. तो पलीकडच्या रांगेत राहायचा. औषधाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तो मराठी मंडळाच्या लोकांना झूमवर सायबर फसवणुकीबद्दल सावध करायचा. ऐकणाऱ्यांत दर वेळी तेच सहा जण असायचे आणि त्यातला एक चंद्रहास झोपलेला असायचा.

तेवढ्यात चंद्रहासचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, परदेशी.

"बाबा, मी हर्षवर्धन. बार्बाडोसहून. नंबर इकडचा आहे," पलीकडून वाऱ्याच्या आणि ढोलाच्या आवाजात जावई ओरडत होता. "एक छोटा प्रॉब्लेम झालाय."

बार्बाडोसची सुट्टी मुळात सुमित्राची. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसासाठी तिने दोन हजार वीसमध्ये ती ठरवली होती. पैसे आणि फोन ही दोन्ही खाती तिची, चंद्रहासने फक्त पोहायची चड्डी घ्यायची होती. आधी लॉकडाऊन लागला, मग सुमित्रा गेली. ट्रॅव्हल कंपनीने पैसे परत न देता व्हाउचर दिलं, तेव्हा चंद्रहासने ते मुलीच्या हातात ठेवलं. त्या दोघांचं लग्न लॉकडाऊनमध्ये चार माणसांत झालं होतं, मधुचंद्र बाकी होता. सोबत सुमित्राने तेव्हाच घेतलेलं सुट्टीचं कार्ड दिलं. घरच्या खात्यातून त्यात पैसे भरायचे आणि तिकडे खर्च करायचे.

"काय झालं?"

"विमानातून उतरल्यावर मी दोघांची आयरिश सिमं काढली होती. रोमिंगचे पैसे वाचतात. माझ्या फोनात इकडचं सिम घातलं आणि ती दोन टिश्यूत गुंडाळून ठेवली."

"बरं."

"आज परत घालायची म्हणून बीचवर टिश्यू उघडला. वारा आला."

हा मुलगा चिप बनवायच्या कारखान्यात होता. तिथे धुळीचा कण आत येऊ नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून आठ तास उभा राहायचा. त्याने दोन सिमं वाळूत घालवली होती.

"आता आमच्या बँकेचे कोड आमच्या नंबरवर येतात, आणि ते नंबर वाळूत आहेत," हर्षवर्धन म्हणाला. "इथे आत्ता बारा वाजलेत, एक वाजेपर्यंत हॉटेलचं वरखर्चाचं बिल भरायचंय. चारशे डॉलर. भरल्याशिवाय बॅगा सोडत नाहीत, आणि दोनला एअरपोर्टची बस आहे. मी आईंच्या कार्डात पैसे भरायला गेलो, तर कोड आईंच्या नंबरवर गेला. तो तर बंद केलाय तुम्ही."

त्याच क्षणी प्रेसच्या आत टिंग वाजलं.

"काय वाजलं?" पद्माकरने विचारलं.

"टायमर."

"प्रेसमध्ये?"

"पोह्यांना असतो," चंद्रहास म्हणाला आणि फोनमध्ये बोलला, "हर्षवर्धन, थांब जरा. मी बँकेला फोन करून कोड विचारतो. ठेवू नकोस."

तो पद्माकरकडे पाठ करून प्रेसमध्ये कमरेपर्यंत शिरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आकडे पाठ केले आणि बाहेर आला. "हं, घे. चार, शून्य, नऊ..."

"चंद्रहास." पद्माकरने कप खाली ठेवला. "तू कोड सांगतोयस?"

"जावई आहे."

"कशावरून? नंबर परदेशातला. म्हणतोय बीचवर अडकलोय, पैसे पाठवा. अरे, माझ्या पहिल्या झूमची पहिली स्लाइड हीच होती."

"पहिल्या झूमला मी जागा होतो, तरी आठवत नाही."

"व्हिडिओ लाव म्हणावं."

व्हिडिओ लावला. पडद्यावर एक निळा चौकोन, एक अर्धा कान आणि बरंच आकाश दिसलं, आणि ते तसंच गोठलं. "हा कान कुणाचाही असू शकतो," पद्माकर म्हणाला. या तपासणीत दोन मिनिटं गेली आणि कोडची मुदत संपली.

तिकडे बार्बाडोसला हर्षवर्धनच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. आयर्लंडमध्ये तो आठ वर्षं होता. शनिवारी दुपारी बँकेला फोन लावून अर्ध्या मिनिटात माणूस भेटलेला त्याने पाहिला नव्हता. चाळीस मिनिटं गाणं ऐकावं लागतं, मग माणूस म्हणतो सोमवारी करा. आणि भेटलाच, तर बँकेचा माणूस कोड तोंडी सांगत नाही.

"बाबा," तो सावकाश म्हणाला, "कोणत्या नंबरवर फोन केलात तुम्ही?"

"बँकेच्या."

"माझा फोन चालू असताना?"

"तू दुसरा कोड मागव ना. उगाच चौकशा कशाला?"

हर्षवर्धनने कोड मागवला नाही. चैत्राली शेवटचं पोहायला समुद्रात गेली होती आणि तिचा फोन, सिमशिवाय पण हॉटेलच्या वायफायवर चालू, त्याच्या गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये होता. बीचवर पैसे, पासपोर्ट आणि फोन सांभाळायचं काम त्याच्याकडे असल्यामुळे तो सहा दिवस पाण्यात उतरलाच नव्हता. त्याने तिच्या फोनवरून 'आई' असं लिहिलेल्या नंबरला मेसेज टाकला. इंग्रजीत, अधिकृत वाटावा म्हणून. कोण बोलतंय?

प्रेसमध्ये टिंग वाजलं.

"पोहे झाले वाटतं," पद्माकर म्हणाला.

चंद्रहासला वाटलं दुसरा कोड आला. चष्मा पुन्हा कपाळावर गेलेला होता. त्याने आत हात घालून पडद्यावर जे वर दिसलं त्यावर बोट ठेवलं. आकड्यांऐवजी ओळीच ओळी उघडल्या. वर चैत्रालीचा फोटो होता. हिरवा गोल नाहीसा झाला होता. आत्ताच्या नव्या मेसेजसकट जुने त्रेसष्टच्या त्रेसष्ट मेसेज एका बोटात उघडले गेले होते. भाजल्यासारखा त्याने हात मागे घेतला.

बार्बाडोसला दोन टिका निळ्या झाल्या.

"बाबा, ऐका," हर्षवर्धनचा आवाज बारीक झाला होता. "घाबरू नका. आईंचा बंद नंबर कुणीतरी चोरलाय. मेसेज वाचतोय तो. तुम्ही ज्याच्याकडून कोड घेतला तो तोच माणूस."

"तो तसला माणूस नाही," चंद्रहासच्या तोंडून गेलं.

"तुम्ही ओळखता त्याला? बरं, राहू दे. मी कार्ड गोठवलंय."

"काय केलंस?"

"गोठवलं. आता त्याला एक सेंट मिळणार नाही."

"आणि आपल्याला?"

पलीकडे हर्षवर्धनने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. "आपल्यालाही नाही. सोमवारी बँकेला फोन करा असं लिहून आलंय."

पद्माकरने चंद्रहासच्या हातातून फोन काढून घेतला. "कोण आहेस रे तू?"

"हर्षवर्धन. तुम्ही कोण?"

"ते मी विचारतोय. जावई असशील तर सांग, सुमित्रावहिनींनी पहिल्या भेटीत तुला काय विचारलं होतं? मी होतो तिथे."

पलीकडे ढोलाचा आवाज जरा दूर गेला. मग हर्षवर्धन म्हणाला, "हे आवश्यक आहे का?"

"आहे."

"वडिलांना टक्कल कितव्या वर्षी पडलं, असं विचारलं होतं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"चौतिसाव्या. काका, इथे बीचवर मराठी कळणारं कुणी नाही, पण तरी."

पद्माकरने फोन परत दिला. "जावई तुझाच. बिचारा. आता तो दुसरा चोर शोधायचा."

चंद्रहास काही बोलणार एवढ्यात दुसरा चोर वाजायला लागला. या वेळी टिंग नव्हतं. सुमित्राने स्वतः लावलेली सनईची रिंग होती आणि ती प्रेसमधून, बंद दारामागून, पूर्ण आवाजात येत होती. पद्माकरने प्रेसकडे पाहिलं, मग चंद्रहासकडे पाहिलं. सनई त्याच्या ओळखीची होती. तो एकदम चहाच्या कपात बघायला लागला.

चंद्रहासने दार उघडलं, डबा बाजूला केला आणि फोन कानाला लावला.

"बाबा," चैत्राली म्हणाली. तिला धाप लागली होती. पाण्यातून पळत आली असावी.

"हं."

"पोह्यांच्या डब्यामागे आहे ना?"

"तुला कसं माहीत?"

"वायर दिसते. भोक वाकडं आहे."

चंद्रहासने वाकून त्या भोकाकडे पाहिलं. "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासूनच. फोन बंद असला की एकच टीक येते. माझ्या मेसेजला दोन येतात. करड्या, पण दोन."

"मग बंद केलास का, बंद केलास का, म्हणून मागे का लागायचीस?"

"खरंच बंद करत नाहीस ना, ते बघायला."

पद्माकरने चकलीला हात घातला आणि ती मोडल्याचा आवाज होईल म्हणून तशीच धरून ठेवली.

"वाचलेस?" तिने विचारलं.

"उघडले गेले. वाचले नाहीत. चष्मा कपाळावर होता."

"शपथ?"

"तुझ्या आईची."

"ग्रँड, मग ठीक," चैत्राली म्हणाली आणि नाक ओढलं. "आता ऐक. हर्षने इथे उगाच गोंधळ घातलाय. बिल चारशेचं आहे, पण ते इथले डॉलर. अमेरिकन नुसते दोनशे होतात. मी भरते."

"कुठून भरतेस? सगळं गोठलंय."

"बीचची पिशवी आईची आणलीये मी. तिनेच तेव्हा भरून ठेवलेली. आतल्या कप्प्यात साडीच्या फॉलच्या पाकिटात वीस-वीसच्या दहा नोटा आहेत. अमेरिकन. सेफ्टी पिन लावलेली. पहिल्या दिवशीच सापडल्या मला."

पलीकडून हर्षवर्धनचा आवाज आला. "सहा दिवस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"चिठ्ठी होती वर," चैत्राली म्हणाली. "आईच्या अक्षरात. 'यांना सांगू नये.'"

चंद्रहासने डोळे मिटले. पस्तीस वर्षांच्या संसारात घरातले किती पैसे कोणत्या पाकिटात होते, हे आता कधीच कळणार नव्हतं. "ती चिठ्ठी माझ्यासाठी होती," तो म्हणाला.

"माहीत आहे. पण नवऱ्याच्या बाबतीत आईचं कधी चुकायचं नाही." मग ती थांबली. "बाबा, त्या नंबरचं बिल वीस युरोच येतं ना?"

"एकोणीस नव्याण्णव."

"दहा मी देईन. पण वाचायचे नाहीत."

"नाही वाचणार. तूही माझे वाचू नकोस."

"तू पण लिहितोस?"

चंद्रहासने पोह्यांचा डबा उचलून जागेवर ठेवला. तिने पुन्हा विचारलं नाही. बिल भरायचं होतं.

सहा वाजता ते दोघं बसमध्ये बसल्याचा निरोप आला. पद्माकर उठला. दारात जोडे घालताना म्हणाला, "हे मी झूमवर सांगणार नाही."

"सांगितलंस तरी सहाच जण ऐकणार."

"पाच. तू झोपतोस."

तो गेल्यावर चंद्रहास बाहेरच्या खोलीत बसला आणि त्याने सुमित्राला मेसेज लिहिला. "दोनशे डॉलर सापडले. बाकीचे कुठे आहेत?"

तो पाठवला. प्रेसमध्ये टिंग वाजलं. चंद्रहास सवयीने उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. टीव्ही लावून खुर्चीत बसला. हा प्रश्न असा होता, की जिवंत असती तरी तिने सहा तास तो उघडला नसता.